आयर्लंडला शिकायला येताय? आधी पत्ता, मग बाकी सगळं

मी सांगलीहून डब्लिनला एमएससी करायला आले तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या, एक कुकर होता आणि सीनियर लोकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले शंभर मेसेज होते. त्यातले निम्मे एकमेकांच्या विरुद्ध. पहिले दोन महिने नुसती पळापळ झाली कारण कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीच्या आधी करायची हेच कुणी सांगितलं नव्हतं. बँक म्हणते पत्त्याचा पुरावा आणा, पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख नंबर) देणारे म्हणतात पत्ता आणा आणि नोकरीचं पत्र आणा, नोकरीवाला म्हणतो पीपीएस आणा, आणि घरमालक म्हणतो बिलावर तुझं नाव टाकणार नाही. म्हणून क्रमाने लिहितेय. बरंचसं डब्लिनचं आहे, पण कॉर्क, गॉलवे, लिमरिकला जाणाऱ्यांनाही बहुतेक लागू पडेल.

१. निघायच्या आधी: हातातल्या बॅगेत काय पाहिजे

चेक-इन बॅगेत नाही, हातातल्या. डब्लिन विमानतळावर इमिग्रेशन ऑफिसर विचारतो तेव्हा तुमची मोठी बॅग अजून पट्ट्यावर फिरत असते.

- पासपोर्ट, व्हिसासकट
- कॉलेजचं ऑफर लेटर आणि फी भरल्याची पावती
- मेडिकल इन्शुरन्सचे कागद (युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सक्तीचा)
- पैशाचे पुरावे, म्हणजे बँक स्टेटमेंट, लोन सँक्शन लेटर
- पहिल्या काही दिवसांच्या राहण्याचं बुकिंग, छापलेलं
- मार्कशीट आणि डिग्रीच्या मूळ प्रती
- चालू असलेल्या औषधांचं प्रिस्क्रिप्शन, इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट

या सगळ्याचे स्कॅन स्वतःला मेल करून ठेवा.

आता खायचं. आईला हे वाचून दाखवा, कारण माझ्या आईला पटलंच नव्हतं. युरोपीय युनियनच्या बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खवा घातलेलं काहीच नाही. ताजा कढीपत्ता नाही आणि हापूसही नाही. कोरडे मसाले, चटण्या, पोहे, मेतकूट यांचा मला कधी त्रास झाला नाही. कांदा-लसूण मसाला मात्र तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर वर्षभर तुमच्या स्वेटरला त्याचा वास येईल. माझ्या एकाला अजून येतो.

कुकर आणाच, इथे आपल्यासारखा सहज मिळत नाही. इथला सॉकेट ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा असतो, त्यामुळे दोन अॅडॉप्टर आणि एक भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड एवढ्यात काम भागतं.

२. पहिली रात्र

मुंबईहून थेट विमान नाही, दुबई, अबू धाबी किंवा दोहा करून यावं लागतं. लंडनवरून स्वस्त तिकीट दिसलं तर आधी यूकेचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते बघा, नाहीतर स्वस्त तिकीट महाग पडतं.

डब्लिन विमानतळाला ट्रेन नाही, बसनेच शहरात यायचं. रात्री उशिरा उतरणार असाल तर टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवा, दोन मोठ्या बॅगा घेऊन पावसात बसस्टॉप शोधणं मी केलंय, तुम्ही करू नका.

३. राहायची जागा (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

खरं सांगायचं तर आयर्लंडला यायचं की नाही हा निर्णय घेतानाच घराचा विचार केला पाहिजे, पण तो कुणी करत नाही, मीही नव्हता केला. डब्लिनमधे दोघा-तिघांत शेअर केलेल्या खोलीतला एक बेड साधारण ५०० ते ७०० युरोच्या घरात जातो आणि स्वतंत्र खोली ८०० च्या पुढेच. कॉर्क, गॉलवे जरा कमी, पण तिथे खोल्याच कमी. सप्टेंबरमधे सगळे एकदम येतात तेव्हा एका खोलीमागे पन्नास मेल पडलेले असतात.

शोधायचं कुठे? कॉलेजच्या होस्टेलचा फॉर्म ऑफर आल्या दिवशी भरा. मग डाफ्ट आणि रेंट या साइट, आणि तुमच्या कॉलेजच्या भारतीय ग्रुपवर कोण खोली सोडतंय ते. मला शेवटी खोली ग्रुपवरच मिळाली. आणखी एक प्रकार आहे, त्याला डिग्ज म्हणतात, म्हणजे आयरिश कुटुंबाच्या घरात एक खोली, काही ठिकाणी सोमवार ते शुक्रवारच. स्वस्त पडू शकतं, पण किचनमधे फोडणी चालेल का हे आधीच विचारा. आणि मालकाच्याच घरात राहिलात की भाडेकरूचा कायदा तुम्हाला लागू होत नाही, तो जा म्हणाला की जायचं.

वेगळं घर किंवा त्यातली खोली भाड्याने घेतलीत तर कायद्याने एक महिन्याचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं यापेक्षा जास्त मागता येत नाही. तंटा झाला तर रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्डाकडे जाता येतं.

फसवणुकीचं आता नीट वाचा, कारण भारतात बसून खोली पक्की करायच्या घाईत आपण कापले जातो. साचा एकच असतो. फोटो मासिकातल्यासारखे, भाडं बाजारापेक्षा दोनशे युरो कमी, मालक कामानिमित्त परदेशात, चावी कुरिअरने पाठवतो पण आधी डिपॉझिट टाक. कधी स्वतःच्या पासपोर्टचा फोटो पण पाठवतात, तो पण कुणाचा तरी चोरलेला. माझ्या वर्गातल्या एका मुलाने असेच १२०० युरो घालवले आणि त्या पत्त्यावर गेला तर दार उघडणाऱ्या आजीबाईंना काही माहीतच नाही. खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही. त्यापेक्षा पहिले दोन आठवडे प्रवाशांच्या होस्टेलचं बुकिंग करून या आणि इथे येऊन शोधा, खर्चिक वाटतं पण तरी स्वस्त पडतं.

आता ते पत्त्याचं. खोली घेताना डिपॉझिट द्यायच्या *आधी* मालकाला दोन प्रश्न विचारा: लेखी करार देणार का, आणि मी इथे राहते असं पत्र, सोबत मालकाच्या नावाच्या विजेच्या बिलाची कॉपी देणार का. दोन्हीला नाही म्हणाला तर दुसरी खोली बघा. मी विचारलं नव्हतं. माझ्या पहिल्या मालकाने साफ नकार दिला आणि माझी पुढची सगळी कामं पाच आठवडे लटकली. शेवटी कॉलेजच्या ऑफिसने माझा पत्ता लिहून शिक्का मारून पत्र दिलं तेव्हा गाडं हललं. हे पत्र बहुतेक कॉलेजं देतात, फक्त मागावं लागतं.

आणि पत्ता सांगताना एअरकोड पाठ करा. सात अक्षरांचा कोड, प्रत्येक घराचा वेगळा. आपला पिनकोड अख्ख्या गावाचा असतो, हा एका दाराचा. टॅक्सी, कुरिअर, अॅम्ब्युलन्स सगळ्यांना तोच लागतो.

४. सिम आणि बँक

सिम सोपं आहे. विमानतळावर किंवा शहरातल्या दुकानात प्रीपेड घ्या, आधार वगैरे काही लागत नाही, महिन्याला २० युरोच्या आसपास टाकलं की भरपूर डेटा. पुढे गोमो, ४८ असे स्वस्त प्लॅन बघा.

बँकेत एआयबी, बँक ऑफ आयर्लंड, पीटीएसबी यातलं कुठलंही स्टुडंट अकाउंट चालतं. ऑगस्टमधेच कॉलेजकडून बँकेच्या नावाचं पत्र मागून ठेवा. अपॉइंटमेंट लांबते, तोवर रेव्होलुट, म्हणजे मोबाइल अॅपवरचं खातं, उघडून घ्या, इथे जेवणाचं बिल वाटून घेताना पण सगळे तेच वापरतात. आणि बँकेचं पहिलं पत्र पोस्टाने घरी आलं ना, ते फेकू नका! तो तुमचा पत्त्याचा पुरावा. मी ते पत्र लॅमिनेट करायचंच बाकी ठेवलं होतं.

५. आयआरपी कार्ड

व्हिसा म्हणजे फक्त दारात यायची परवानगी. राहायची परवानगी म्हणजे आयआरपी कार्ड, आणि आल्यापासून ९० दिवसांच्या आत नोंदणी झाली पाहिजे. फी ३०० युरो, दरवर्षी, हे पैसे बजेटमधे कुणी धरत नाही. पूर्वी डब्लिनबाहेरचे लोक आपापल्या पोलिस स्टेशनला, म्हणजे गार्डा स्टेशनला जायचे, पण आता कॉर्कसारख्या ठिकाणांचं काम डब्लिनच्या बर्ग की या इमिग्रेशन ऑफिसकडे आलंय. म्हणजे कॉर्कवाल्यांनो, एक दिवस डब्लिनची बस पकडायची. जुनी मंडळी अजून याला जीएनआयबी म्हणतात, गोंधळू नका, तेच ते.

अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची आणि ती सप्टेंबर-ऑक्टोबरमधे पटकन मिळत नाही, म्हणून आल्या आठवड्यातच बुक करा. सोबत पासपोर्ट, कॉलेजचं एनरोलमेंटचं पत्र, फीची पावती, इन्शुरन्स, बँकेचा कागद, आणि हो, पत्ता. ऑफर लेटर आणि एनरोलमेंटचं पत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यावरून लोक परत पाठवले गेलेत.

तुम्हाला मिळतो तो स्टॅम्प २, म्हणजे विद्यार्थ्यांची परवानगी. त्यावर टर्ममधे आठवड्याला २० तास काम, आणि जून ते सप्टेंबर तसंच १५ डिसेंबर ते १५ जानेवारी ४० तास. तुमच्या कॉलेजला फेब्रुवारीत सुट्टी असली तरी ४० तास चालत नाहीत, तारखा सरकारने ठरवल्यात, कॉलेजने नाही.

६. पीपीएस, नोकरी आणि तो भयंकर टॅक्स

पीपीएस नंबर म्हणजे आपल्या पॅनकार्डासारखं काहीतरी. मायवेलफेअरच्या साइटवर अर्ज करायचा. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि नंबर कशाला पाहिजे त्याचं कारण. "नोकरी शोधतेय" हे कारण धरत नाहीत, नोकरी देणाऱ्याचं पत्र किंवा मेल लागतो. म्हणून इंटरव्ह्यू झाल्यावर मॅनेजरला सरळ सांगायचं, पीपीएससाठी ऑफरचा मेल द्या. त्यांना सवय असते.

नोकरी कशी मिळते? सीव्ही छापून दुकानोदुकानी फिरून अजूनही मिळते, मला तशीच मिळाली, एका कॅफेत, २३ ठिकाणी नाही ऐकल्यावर. सीव्हीवर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव काही नको, एक-दोन पानं बस. नोव्हेंबरमधे ख्रिसमससाठी भरती होते तेव्हा जोर लावा. किमान पगार जानेवारी २०२६ पासून तासाला १४.१५ युरो आहे, त्याखाली कुणी देत असेल, विशेषतः आपलाच कुणी रेस्टॉरंटवाला "कॅश देतो, १० ने कर" म्हणत असेल तर पडू नका. कॅशवर काम केलं की पेस्लिप नाही आणि पगार बुडवला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार.

आणखी एक सापळा म्हणजे फूड डिलिव्हरी. सायकल आहे, तरुण आहे, करू की, असं वाटतं. पण स्टॅम्प २ वर स्वतःचा धंदा, म्हणजे सेल्फ-एम्प्लॉइड काम करता येत नाही आणि डिलिव्हरीचं काम बहुतेक त्यातच मोडतं. दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेऊन चालवणारे भेटतील, ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता टॅक्स. माझा पहिला पगार हातात आला तेव्हा मला वाटलं मॅनेजरने चूक केली, जवळजवळ निम्मे पैसे गायब. याला इमर्जन्सी टॅक्स म्हणतात. पीपीएस नंबर नोकरी देणाऱ्याला दिलाच नाही तर थेट ४० टक्के कापतात, वर यूएससी नावाचा आणखी एक कर ८ टक्के. नंबर दिला पण नोकरीची नोंद केली नाही तरी काही आठवड्यांनी तेच. उपाय दहा मिनिटांचा आहे: पीपीएस आला की रेव्हेन्यूच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या साइटवर मायअकाउंट उघडायचं, त्यात "जॉब्ज अँड पेन्शन्स" मधे जाऊन नोकरी नोंदवायची. कापलेले पैसे पुढच्या पगारात परत येतात. मला आले, आणि त्या आठवड्यात मी पहिल्यांदा पनीर विकत घेतलं.

७. बस आणि लुआस

स्टुडंट लीप कार्ड काढा, म्हणजे ९० मिनिटांचा प्रवास २ ऐवजी १ युरोत, त्यात बस बदला, लुआस ट्राम पकडा, तेवढंच. रोख द्यायचे तर बसमधे नाणीच चालतात. बसला हात करा, नाहीतर ती थांबत नाही, मी पहिल्या दिवशी तीन बसेस जाताना बघितल्या. उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं, सगळे म्हणतात, अगदी मागच्या दाराने उतरणारे ओरडून म्हणतात. लुआसला चढताना आणि उतरताना दोन्हीवेळा कार्ड टॅप करा.

८. घरातल्या गोष्टी ज्या कुणी सांगत नाही

इमर्शन. हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या गिझरचा आयरिश भाऊ, एका कपाटात मोठी टाकी असते आणि बाहेर बटण, त्यावर लिहिलेलं असतं सिंक आणि बाथ. सिंक म्हणजे थोडं पाणी, बाथ म्हणजे अख्खी टाकी. बाथवर चालू ठेवून कॉलेजला गेलात तर विजेचं बिल बघून घरातले सगळे तुमच्याशी बोलणं सोडतील. आयरिश लोकांचं बालपण आयांची "इमर्शन बंद केलास का" ही हाक ऐकण्यात गेलंय, आपल्याकडे गॅस बंद केला का विचारतात तसं.

बाथरूममधे भिंतीवर स्विच दिसणार नाही, छतातून दोरी लोंबत असते ती ओढायची. कुणी "प्रेसमधे ठेव" म्हणालं तर प्रेस म्हणजे कपाट. "गिव्हिंग आउट" म्हणजे रागावणं. "हाऊ आर यू" हा प्रश्न नाही, नमस्कार आहे, थांबून तब्येत सांगायला लागू नका.

स्मोक अलार्म. मोहरी तडतडली की हा पण तडतडतो. खिडकी उघडा, किचनचं दार लावा, मग फोडणी करा. अलार्मवर टॉवेल किंवा पिशवी बांधू नका, पकडलं तर दंड, आणि खरंच आग लागली तर काय.

कपडे वाळत नाहीत. खोलीत वाळत घातले की भिंतीला बुरशी येते आणि ती डिपॉझिटमधून कापतात. रोज दहा मिनिटं खिडकी उघडी, थंडी असली तरी. आत आलात त्या दिवशीच खोलीचा व्हिडिओ काढून मालकाला मेल करून ठेवा, डाग, बुरशी, मोडलेली खुर्ची सगळं.

९. बाजारहाट

लिडल आणि आल्डी रोजचं, टेस्को क्लबकार्डावर, डन्सचं कूपन असेल तर ५० युरोच्या खरेदीवर १० युरो सूट. संध्याकाळी पिवळे स्टिकर लावलेल्या वस्तू बघा. भारतीय सामान डब्लिनला मूर स्ट्रीटच्या आसपास मिळतं, ज्वारीचं पीठ पण विचारलं तर असतं. चादर, उशी, जाड मोजे पेनीजमधून, भारतातून वजन वाहून आणू नका.

तूप आणता येत नाही म्हणून रडू नका, तुम्ही लोण्याच्या देशात आलायत. बिनमिठाचं ४५४ ग्रॅमचं बटर घ्या, मंद आचेवर कढवा, आईसुद्धा नाव ठेवणार नाही. सोडा ब्रेडसाठी बटरमिल्क मिळतं, त्याची कढी मस्त होते.

प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नका. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येकावर १५ किंवा २५ सेंट जास्तीचे घेतात, सुपरमार्केटच्या मशीनमधे टाकले की परत मिळतात. पण चेपू नका, चेपलेली मशीन घेत नाही.

१०. आजारी पडलात तर

आधी कॉलेजचं हेल्थ सेंटर, तिथे फुकट किंवा अगदी कमी पैशात बघतात. बाहेर जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे गेलात तर ५० ते ७० युरो, आणि बरेच जण नवीन पेशंट घेतच नाहीत. थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जीपीच्या चिठ्ठीशिवाय गेलात तर १०० युरो आणि कित्येक तास वाट. पॅरासिटामॉल किराणा दुकानात एका वेळी १२ गोळ्याच, फार्मसीत २४. अँटिबायोटिक नुसतं मागून मिळत नाही. दात भारतातून दाखवून या, प्लीज. इमर्जन्सीला ११२ किंवा ९९९.

डिसेंबरात सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. व्हिटॅमिन डी घ्या आणि दुपारी अर्धा तास बाहेर पडा. छत्री वाऱ्यात उलटते, टोपीवालं जॅकेट घ्या.

११. सुरक्षितता

हे टाळून लिहिता आलं असतं पण खोटं ठरलं असतं. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमधे भारतीयांवर हल्ले झाले आणि भारतीय दूतावासाला सूचना काढावी लागली, अवेळी निर्जन भागात जाऊ नका म्हणून. मला दोन वर्षांत शेजाऱ्यांनी केकच दिलाय, पण एकदा पोरांच्या टोळक्याने अंडीही मारलीत. टोळकं दिसलं की रस्ता बदला, उत्तर देऊ नका, रात्री कानात इअरफोन नको, आणि काही झालंच तर गार्डाकडे तक्रार नोंदवा, "काय उपयोग" म्हणून सोडू नका. खोली बघायला जाताना तो भाग रात्री कसा असतो हे तिथे राहणाऱ्या भारतीयांना विचारा.

१२. अभ्यास आणि बेलफास्ट

इथे ७० म्हणजे फर्स्ट क्लास, ६० च्या वर म्हणजे टू-वन (वरचा सेकंड क्लास), आणि ते चांगलं असतं. पहिल्या असाइनमेंटला मला ६२ पडले आणि मी बाथरूममधे रडले, आयरिश मैत्रीण पार्टी करायला निघाली होती, तिला ५८ होते. कॉपी-पेस्टला मात्र माफी नाही, संदर्भ द्यायची पद्धत पहिल्या आठवड्यात शिका, लायब्ररीत वर्ग असतात.

मिडटर्म झाली की सगळे म्हणतात चला बेलफास्ट बघून येऊ, बसने दोन-अडीच तास. रस्त्यात सीमा दिसत नाही, चौकी दिसत नाही, फक्त पाट्यांवर किलोमीटरचे मैल होतात. पण ते यूके आहे आणि तुमचं आयआरपी तिथे चालत नाही, भारतीय पासपोर्टला यूकेचा व्हिसा लागतो. बसमधे कधीकधी तपासणी होते, आणि सापडलात तर पुढे प्रत्येक व्हिसाच्या फॉर्मवर ते लिहावं लागतं. गॉलवेला जा, मोहरचे कडे बघा, स्टुडंट तिकिटावर स्वस्तात होतं, फक्त वारा फार असतो, टोपी बांधायची सोय बघून जा.